जिद्दीला घर लागतं

1918 साली देवरुखची एक विधवा इंग्रजी शिकायला अमेरिकेला निघाली. तिचं वय तेव्हा अठ्ठेचाळीस होतं. नवरा गेला तेव्हा ती विशीत होती, पदरात मूल होतं, आणि शिक्षणाला खरी सुरुवात झाली ती पंचविशी उलटल्यावर. अमेरिकेत जवळ पैसे नव्हते, म्हणून परक्यांच्या घरी घरकाम करत ती राहिली. 1920 मध्ये परत आली आणि पुण्याजवळ हिंगण्याच्या आश्रमाच्या कामाला पुन्हा लागली. ही बाई म्हणजे पार्वतीबाई आठवले. ‘माझी कहाणी’ हे त्यांचं आत्मचरित्र 1928 साली प्रसिद्ध झालं.

रत्नागिरी जिल्ह्यात चाळिशी-पन्नाशीच्या माणसानं नवं काही करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, “आता ह्या वयात?” घरचे विचारतात, शेजारचे विचारतात, बँकेतला साहेबही विचारतो. या प्रश्नाला उत्तर म्हणून आपण पार्वतीबाईंसारख्यांची नावं घेतो आणि सांगतो, बघा, जिद्द असली की सगळं होतं. शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि महिला मेळाव्यांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की राग येतो. कारण पार्वतीबाईंची गोष्ट नीट पाहिली तर तिच्यात जिद्दीइतकंच आणखी काहीतरी आहे, आणि ते आपण सांगायचं सोडून देतो.

पार्वतीबाई माहेरच्या जोशी. त्यांची बहीण गोदूबाई हीसुद्धा बालविधवा. गोदूबाईंना भाऊ नरहरपंत यांनी मुंबईला नेलं. 1889 साली पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढलं, तिथल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. नरहरपंतांचे स्नेही धोंडो केशव कर्वे यांची पहिली पत्नी 1891 मध्ये वारली होती. 11 मार्च 1893 रोजी कर्वे आणि गोदूबाई यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई, म्हणजे पुढे सगळ्यांच्या बाया कर्वे झाल्या. कर्व्यांच्या मुरुडनं, दापोली तालुक्यातल्या त्या समुद्रकाठच्या गावानं, या लग्नापायी त्यांच्यावर बहिष्कार घातला.

पार्वतीबाई मुलाला घेऊन शिकायला गेल्या त्या या बहिणीच्या घरी. बहिष्कृत घरात राहायला जाणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती, विशेषतः सोवळ्यातल्या विधवेला. पण त्या घरात त्यांना जे मिळालं त्याची यादी करून पाहावी: डोक्यावर छप्पर, दोन वेळचं जेवण, मुलाकडे बघायला माणूस, आणि “एवढी मोठी होऊन मुळाक्षरं गिरवतेस काय” असं न म्हणणारी मंडळी. 14 जून 1896 रोजी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली, 1900 मध्ये तो हिंगण्याला गेला, आणि त्या आश्रमात पार्वतीबाईंना काम मिळालं. आधी शिकवण्याचं, मग देखरेखीचं, मग गावोगाव फिरून व्याख्यानं देण्याचं आणि वर्गणी जमवण्याचं. फार शिकलेल्या नसलेल्या बाईला एका संस्थेनं सभेत उभं केलं, पावती पुस्तक हातात दिलं, हिशेब तिच्यावर सोपवला. केशवपन त्यांनी बंद केलं तेही चाळिशी ओलांडल्यावर, लोकांत वावरण्याचा कितीतरी वर्षांचा अनुभव गाठीशी आल्यानंतर. अमेरिकेचं धाडस त्याच्याही नंतरचं. म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बोटीवर चढलेली बाई एका रात्रीत तयार झाली नव्हती. त्याआधी जवळजवळ वीस वर्षं एक घर आणि एक संस्था तिच्या पाठीशी होती.

बायांचंही तसंच. लग्नानंतर, संसार मागे लागलेला असताना, त्या नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेऊन आल्या. हातात हुन्नर असावा, कुणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये, हा विचार त्यामागे होता. त्यांचं ‘माझे पुराण’ ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. कर्व्यांच्या थोरवीखाली ते पुस्तक झाकलं गेलं आहे, आणि ती थोरवी ज्या घरखर्चावर उभी होती तो घरखर्च बायांनी कसा भागवला, हे त्याच पुस्तकात कळतं.

कर्व्यांच्या आयुष्याची सनावळी या विषयासाठीच आखल्यासारखी आहे. मॅट्रिक तेविसाव्या वर्षी. बी. ए. सव्विसाव्या वर्षी, 1884 मध्ये. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला लागले तेव्हा तेहतीस. आश्रम काढला तेव्हा अडतीस. 1914 मध्ये कॉलेजातून निवृत्त झाले, 1915 च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि 1916 मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते विद्यापीठ सुरू केलं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका कुणीतरी त्यांना पाठवली होती, ती त्यांनी आधी बाजूला ठेवली होती. परिषदेच्या भाषणाची तयारी करताना ती पुन्हा हाती घेतली. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाखांची देणगी दिली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढून ते पुण्यात दारोदार वर्गणीला फिरत होते. शहाऐंशीव्या वर्षी समता संघ. शंभराव्या वर्षी भारतरत्न.

पण या सनावळीतही एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. अडतीस ते छप्पन्न ही अठरा वर्षं कर्व्यांनी नोकरी सोडली नाही. सकाळी कॉलेजात गणित आणि मग आश्रम. हिंगण्याची वाट तेव्हा ओबडधोबड, ती पायी तुडवत. पगार चालू होता म्हणून आश्रम चालू राहिला. आजकाल नोकरीचा राजीनामा टेबलावर टाकून मनासारखं काम धरणाऱ्यांच्या कथा फार गाजतात. कर्व्यांचा मार्ग बिनगाजावाजाचा होता, आणि माझ्या मते कोकणातल्या बेताच्या ऐपतीच्या माणसाला तोच जास्त उपयोगी आहे.

चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचे पांडुरंग वामन काणे याच जातकुळीचे. शिक्षकी, मग मुंबईत वकिली. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड 1930 मध्ये आला तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते, शेवटचा 1962 मध्ये आला तेव्हा ब्याऐंशी. पोट वकिलीवर, मन ग्रंथावर. पुढच्याच वर्षी त्यांनाही भारतरत्न मिळालं.

आता याच जिल्ह्याचं दुसरं चित्र. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हा संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. लालबाग-परळच्या खोल्यांतून रत्नागिरीच्या वाड्यांमध्ये जी माणसं परतली त्यांतली कितीतरी चाळिशीच्या घरातली होती. साच्यावर उभं राहून वीस वर्षं गेलेली. धागा तुटला की आवाजावरून ओळखणारे कान त्यांच्याकडे होते, पण गावात साचा नव्हता. वीस वर्षांचं कसब गावच्या वेशीवर निरुपयोगी झालं. जमीन होती, पण ती वरकस, कातळाची, आणि तिच्यावर भावकीची दहा नावं. पुढे 1990 मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि काहींनी आंबा-काजूची कलमं लावली. पण काजूचं कलम धरायला तीन-चार वर्षं लागतात, हापूसला त्याहून जास्त. तेवढी वर्षं घर कुणाच्या तरी पगारावर किंवा बायकोच्या मजुरीवर चाललं पाहिजे. ज्यांचं चाललं त्यांच्या आज बागा आहेत. ज्यांचं चाललं नाही, ते रखवालदारी करायला पुन्हा मुंबईला गेले. या दोघांत जिद्दीचा फरक होता असं मला कुणी सांगू नये.

त्याच गिरणगावात एक वेगळी गोष्टही घडत होती. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बाया, बहुतेक मध्यमवयीन, सावकाराच्या व्याजात बुडालेल्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. कुठलंही तारण नव्हतं, बायकांच्या गटानंच एकमेकींची हमी घेतली. या बायकांना नवं काही शिकवावं लागलं नाही. त्यांना जे येत होतं तेच काम, पण नफा सावकाराऐवजी त्यांच्या हातात राहू लागला. मध्यमवयातल्या माणसाची प्रगती बऱ्याचदा अशीच असते. काम तेच राहतं, त्याच्यावरची मालकी बदलते.

रत्नागिरी जिल्हा मुळात बायकांच्या खांद्यावर उभा आहे. 2011 च्या जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. लोकसंख्या 16 लाख 15 हजार, आणि 2001 पेक्षा ती जवळजवळ पाच टक्क्यांनी घटलेली. कर्ते पुरुष मुंबईत, गावात आई-वडील, गुरं, शेत आणि या सगळ्याला पुरून उरणारी बाई. मुलं दहावी-बारावी होऊन तीही मुंबईला गेली की पंचेचाळिशीच्या बाईला पहिल्यांदा स्वतःचे चार तास मिळतात. तिच्याकडे अनुभव असतो, वेळ असतो, अंगात ताकद असते. नसतो तो कागद.

संगमेश्वर तालुक्यातल्या एका काजू प्रक्रिया युनिटमध्ये मी मुद्दाम एका बाईंशेजारी बसून काम पाहिलं. वय सेहेचाळीस, नवरा मुंबईला कंपनीत, मुलगी लग्न होऊन गेलेली. वाफवून वाळवलेली बी त्या डाव्या हातानं कटरच्या दोन पात्यांमध्ये ठेवतात, पायानं पायटा दाबतात, टरफल फाकतं, आणि टोकदार सळईनं गर अख्खा बाहेर येतो. टरफलातल्या तेलानं कातडी भाजते, म्हणून हाताला आधी खोबरेल चोपडलेलं. तरीही बोटांच्या पेरांवर काळे डाग होते. गर अख्खा निघाला तर भाव, पाकळी झाली तर भाव उतरला, तुकडा आणि कणी त्याहून खाली. हे सगळं पात्याच्या एका दाबावर. मग भट्टीत सुकवणं, साल काढणं आणि प्रतवारी. प्रतवारीत 240 म्हणजे एका पौंडाला साधारण तेवढे गर बसतील असा मोठा दाणा, 320 म्हणजे त्याहून बारीक. तिथे वजनकाटा होता, पण बाईंनी तो वापरला नाही. ढिगातून हात फिरवत त्या दाणे दोन बाजूंना सारत होत्या आणि माझ्याशी बोलत होत्या.

“ताई, मी सातवी शिकलेली. पन गर हातात घेतला का कळतो मला. मालकपन मलाच विचारतो, ह्या बीचा उतारा कसा पडंल म्हनून.”

मालक बी विकत घेताना यांना बरोबर नेतो. मूठभर बी फोडून, गराचा रंग बघून, यांनी ‘घ्या’ म्हटलं तर पोती उचलली जातात. चार किलो बीमागे साधारण एक किलो गर पडतो. त्यात पाव-अर्ध्या शेराचा फरक पडला तरी धंद्याचा नफा तोट्यात जातो. म्हणजे या बाई खरं तर खरेदी अधिकारी आहेत आणि गुणवत्ता तपासनीसही आहेत. मजुरी मात्र बी फोडण्याची.

स्वतःचं युनिट टाकायचं त्यांच्या मनात दोन वर्षांपासून आहे. गावातल्या बचत गटात चार बायका तयार आहेत. मी विचारलं, अडलं कुठे?

अडलं ते कागदावर. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात तेव्हा वयाची अट अठरा ते पंचेचाळीस होती, महिला आणि इतर विशेष गटांना पाच वर्षांची सूट होती. म्हणजे या बाईंकडे अजून चार वर्षं होती. प्रधानमंत्र्यांच्या नावाच्या रोजगार निर्मिती कार्यक्रमाला मात्र वरची वयोमर्यादाच नाही. ग्रामीण भागातल्या महिलेला तिथे प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान आहे आणि स्वतःचा वाटा पाच टक्के घालावा लागतो. ही माहिती त्यांना नव्हती. गावात येणाऱ्या प्रत्येक माणसानं ‘तरुणांसाठी योजना’ असंच सांगितलेलं. योजनेची माहितीपत्रकं, भिंतीवरचे फलक, त्यांच्यावरचे फोटो, सगळं पंचविशीतल्या पोरांचं. पन्नाशीच्या बाईनं आपल्याला लागू आहे असं समजावं तरी कशावरून?

दुसरी अडचण जमिनीची, आणि ती जास्त खोल आहे. घरामागची जागा युनिटला पुरेशी आहे, पण सातबाऱ्यावर सासऱ्यांच्या पश्चात वारसांची लांबलचक नावं. दोन दीर मुंबईत, एक बडोद्याला, एका नणंदेचा पत्ताच नीट ठाऊक नाही. यांचं स्वतःचं नाव तर नाहीच. 1992 मध्ये लक्ष्मी मुक्ती योजना आली: नवऱ्यानं अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. तिसाहून अधिक वर्षं झाली. पण नवऱ्याचाच हिस्सा वेगळा झालेला नसेल तर तिथेही घोडं अडतं. बँकेला संमतीपत्रं हवीत. संमतीपत्रावर सही म्हणजे हक्क गेला, असं मुंबईच्या भावकीला वाटतं. सहीला माणसं गावात भेटतात ती गणपतीत आणि शिमग्याला, आणि त्या दिवसांत असले विषय काढायचे नसतात.

म्हणून मला पार्वतीबाईंची गोष्ट आठवते. त्यांच्या पाठीशी बहिणीचं घर होतं, आणि त्यांना न जोखता काम देणारी संस्था होती. आजच्या बाईच्या पाठीशी काय आहे? बचत गट आहे, आणि ‘उमेद’ अभियानानं ते जाळं चांगलं विणलंय हे मान्य करायला हवं. नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे. शाळा सुटलेल्या कितीतरी कोकणी बायकांनी तिथून पदवी घेतली आणि अंगणवाडीत, पतपेढीत वरच्या जागी गेल्या. आधीच्या अनुभवाला प्रमाणपत्र देण्याची सोयही केंद्राच्या कौशल्य योजनेत आहे. सोयी आहेत, पण एकमेकींशी जोडलेल्या नाहीत. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना बाईचा एक दिवस, एसटीचं भाडं आणि एक रोजाची मजुरी जाते. तिसऱ्या फेरीला ती येत नाही, आणि मग आपण म्हणतो, चिकाटी नाही.

मोठ्या माणसासाठी हीच व्यवस्था किती लवचीक होते, ते आपल्या डोळ्यांदेखत घडलं आहे. ई. श्रीधरन 1990 मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी रेल्वेतून निवृत्त झाले. त्याच वर्षी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि सरकारनं त्यांना बोलावून ते त्यांच्या हाती दिलं. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि रत्नागिरीजवळचा पानवलचा 64 मीटर उंचीचा पूल हे निवृत्त माणसाच्या नेतृत्वाखाली झालेलं काम आहे. 26 जानेवारी 1998 ला मार्ग पूर्ण खुला झाला तोवर ते दिल्ली मेट्रोवर रुजूही झाले होते, आणि 2011 च्या अखेरीपर्यंत तिथे राहिले. अठ्ठावन्नाव्या वर्षी या माणसाचा अनुभव सरकारला भांडवल वाटला. काजूच्या बाकड्यावरचा पंधरा वर्षांचा अनुभवही तसाच भांडवल आहे. तो मोजायची पद्धत मात्र आपण बसवलेली नाही.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक तालुक्याला, पंचायत समितीच्या आवारात, चाळिशी ओलांडलेल्यांसाठी एक माणूस बसवावा. त्याला सगळ्या योजनांच्या वयोमर्यादा तोंडपाठ असाव्यात. त्यानं आधी विचारावं ‘तुम्हाला काय येतं’, मग विचारावं ‘कितवी शिकलात’. तलाठी आणि बँक यांच्याशी बोलणं त्याच्या कामात धरलेलं असावं, म्हणजे फेऱ्या कागद मारेल, माणसाला माराव्या लागणार नाहीत. सामाईक जमिनीवर छोटं युनिट टाकण्यासाठी भाडेकराराचा एक सोपा नमुना असावा, ज्यात मालकी हक्काला धक्का लागत नाही हे पहिल्याच ओळीत लिहिलेलं असेल, म्हणजे मुंबईचा दीर सही करताना बिचकणार नाही. आणि घरच्यांनी, विशेषतः नवऱ्यांनी, दोन वर्षं उत्पन्नाची घाई न करता बाईला काम बसवू द्यावं. कोकणातल्या बाईनं नवऱ्याच्या नोकरीसाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी अशी कितीतरी दोन वर्षं आधीच दिलेली असतात.

काजूच्या त्या बाईंना मी अनुदानाची माहिती लिहून दिली. त्यांनी कागद घडी करून पदराला बांधला आणि लगेच हिशेब सुरू केला. बीचा हंगाम मार्चपासून मेपर्यंत. वर्षभर फोडायचा माल त्या तीन महिन्यांत रोख पैसे मोजून भरून ठेवावा लागतो, पाऊस लागला की चांगली बी मिळत नाही आणि मिळाली तरी भिजकी. म्हणजे कटर आणि भट्टी यांचं कर्ज एक वेळ उशिरा आलं तरी चालेल, बीसाठीचा पैसा फेब्रुवारीच्या आत हवा. गटातल्या पाच जणींनी मिळून निदान दोन टन बी भरली तर दिवाळीपर्यंत काम पुरेल. दीर यंदा शिमग्याला येणार आहेत, पण तो मार्चमध्ये. सही तोवर थांबली तर हा हंगाम हातचा जाईल. म्हणून त्यांनी ठरवलंय, जानेवारीत आपणच मुंबईला जायचं आणि नवऱ्याला बरोबर घेऊन दोन्ही दिरांच्या घरी.